शेजारचा वर्ग

दुसऱ्या सत्राच्या अखेरच्या आठवड्यात एक बाई आम्हांला भेटायला शाळेत आल्या. जुलैचा महिना होता आणि व्हाक्वाकडची नेहमीची झिमझिम चालू होती. बाईंनी छत्री मिटून दाराशी ठेवली, पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि तो आमच्या टेबलावर ठेवला. चौथ्या इयत्तेत शिकणाऱ्या आपल्या मुलाचे नाव मराठीच्या वर्गातून काढून हिंदीच्या वर्गात घालावे, असा तो अर्ज होता. आम्ही कारण विचारले. बाई जरा घुटमळल्या आणि मग आपल्या रोजच्या क्रेओलमध्ये बोलू लागल्या. ते बोलणे मराठीत असे होईल: "गुरुजी, राग मानू नका. आमच्या शेजारची मुलगी हिंदीला आहे. तिच्या वर्गात तीस मुलं. तिला बाहेर शिकवणी मिळते, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. आमच्या पोराच्या वर्गात सहाच मुलं. सहा मुलांच्या वर्गाचं पुढं काय होणार?"

प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही. दुसरेही एक कारण होते, आणि ते या पानाच्या वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न आम्ही स्वतःला कितीतरी वर्षे विचारीत आलो आहोत.

आमच्या शाळांत पूर्वजांच्या भाषांचा तास कसा भरतो, ते ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना ठाऊकच आहे. घंटा झाली की एका वर्गाचे पाच तुकडे होतात. कोणी हिंदीला जाते, कोणी उर्दूला, कोणी तमिळ किंवा तेलुगूला, आणि २०१२ सालापासून क्रेओलचाही वर्ग भरतो. मोठ्या संख्येच्या भाषेला मोठी खोली मिळते. मराठीला जे उरले असेल ते मिळते. आम्ही ग्रंथालयाच्या कोपऱ्यात शिकवले आहे, व्हरांड्यात शिकवले आहे, आणि एक पूर्ण वर्ष खेळाचे सामान ठेवण्याच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीखाली बसूनही शिकवले आहे. सध्याची आमची खोली म्हणजे एका मोठ्या खोलीचा प्लायवुडची भिंत घालून वेगळा केलेला तिसरा हिस्सा. भिंतीपलीकडे हिंदीचा वर्ग. तीस मुले एका सुरात कविता म्हणू लागली की आमच्या बाजूची खडूची डबी टेबलावर थरथरते. त्या वेळी आमची सहा मुले वाचन थांबवून भिंतीकडे बघतात. आणि वाचकहो, आम्हीही बघतो. भिंतीपलीकडचे आमचे सहकारी आमचे चांगले स्नेही आहेत, मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली अर्धी दालपुरी आम्हांला देणारे. तरी त्या तीस आवाजांपुढे आमच्या पोटात काहीतरी जळत असे, हे खोटे कशाला बोलावे?

या जळण्याला क्रेओलमध्ये 'झालू' म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आलेला आहे हे आम्हांला माहीत आहे, पण आमच्या वर्गातल्या मुलांची पक्की समजूत अशी की तो मराठी 'जळणे' याच धातूपासून निघाला असणार. एकदा एक मुलगी तक्रार घेऊन आली, "गुरुजी, तो माझ्यावर झालू झाला." व्याकरण चुकले म्हणावे की बरोबर आले म्हणावे, हे आम्हांला ठरवता येईना. शेवटी वाक्य फळ्यावर लिहून ठेवले.

हा रोग मुलांना जन्मतः नसतो. तो आपण त्यांना लावतो, आणि तोही प्रेमाने. 'गेत झांफां व्वाझें', शेजारच्याचं पोर बघ जरा, हे वाक्य या बेटावर ज्या घरात बोलले जात नाही ते घर आम्ही अजून पाहिलेले नाही. एच.एस.सी.चे निकाल लागतात त्या दिवशी तर सारा देशच हे वाक्य बोलत असतो. सरकारी शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या 'लोरेआं'ची नावे रेडिओवर जाहीर होतात, त्यांना मित्र खांद्यावर उचलतात, आईबाप रडतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो. ते कौतुक योग्यच आहे, मुलांनी कष्ट केलेले असतात. पण त्याच संध्याकाळी शेकडो घरांत एक मुलगा किंवा मुलगी चांगली पास होऊनही आपल्या खोलीत दार लावून बसलेली असते. स्वयंपाकघरातून आईचा सुस्कारा ऐकू येतो. आमच्या ओळखीचा एक मुलगा तीन विषयांत उत्तम पास झाला, त्याच्या घराण्यात तिथवर पोचलेला तो पहिलाच. त्याच्या आजीने केलेला शिरा कोणी खाल्ला नाही, कारण त्याच रस्त्यावरची एक मुलगी लोरेआत झाली होती. पातेले दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच राहिले. आता तो मुलगा पोर्ट लुईला नोकरी करतो, व्यवस्थित आहे. परंतु निकालाची गोष्ट निघाली की तो आजही विषय बदलतो.

घरात जे चालते तेच समाजातही चालते. निवडणूक होऊन मंत्रिमंडळ जाहीर झाले की आमची वडीलधारी मंडळी कारभाराचा विचार करण्याआधी बोटे मोजायला बसतात. आपले किती, त्यांचे किती. मग सभामंडप, अनुदान, टी.व्ही.वरची मिनिटे. या मोजणीत आमचा आकडा नेहमीच लहान निघणार, कारण आम्ही मूठभर आहोत. लहान आकडा पाहून दरवेळी नव्याने दुःखी होण्यात आमच्या समाजाची किती संध्याकाळे गेली, त्याची मात्र मोजणी कोणी ठेवली नाही.

आम्ही स्वतः ज्या हेव्यात सर्वांत जास्त वर्षे घालवली, तो मात्र वेगळ्याच बेटाचा होता. रेयुनियों आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. विमान वर चढते न चढते तोच उतरू लागते. १९४६ सालापासून ते फ्रान्सचा एक जिल्हाच आहे. तिथे युरो चालतो, बेकाराला भत्ता मिळतो, दवाखान्याचा बहुतेक खर्च सरकार उचलते. आमचे एक नातेवाईक तिथे स्थायिक झाले. त्यांच्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा २००९ साली खुला झालेला तामारेंचा महामार्ग नवाच होता. डोंगराच्या कुशीतून, खोल घळींवरच्या पुलांवरून गाडी जाऊ लागली आणि आम्ही मनात हिशेब करू लागलो. तिथल्या शिक्षकाचा पगार, आमचा पगार. त्यांची शाळा, आमची चेंडूंची खोली. परत आल्यावर घरातल्या माणसांनी आमचे तोंड पाहून विचारले की तिकडे काही वाईट बातमी आहे का.

नंतर दोनतीनदा जाणे झाले तेव्हा दुसरीही बाजू दिसली. जवळजवळ सगळे सामान फ्रान्सहून बोटीने येते, तेव्हा महागाई विलक्षण. तरुणांत बेकारी मोठी. २०१८ सालच्या नोव्हेंबरात महागाईविरुद्ध लोकांनी रस्ते अडवले आणि सुमारे दोन आठवडे बेट ठप्प झाले होते. हे कळले तेव्हा आम्हांला बरे वाटले. इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की त्या बरे वाटण्याची आम्हांला मागाहून लाज वाटली. शेजाऱ्याचे उणे पाहून समाधान मानणे हा समाधानाचा प्रकार नव्हे, तो हेव्याचाच उलटा केलेला सदरा आहे. काटा तोच, फक्त दुसरे पारडे खाली गेले एवढेच. 'तुझ्यापेक्षा वाईट स्थितीत किती लोक आहेत बघ' असा उपदेश आपण मुलांना करतो, तोही याच जातीचा. त्याने मूल काही काळ गप्प बसते, पण आपल्या ताटात काय आहे ते त्याला त्यातून कळत नाही.

आम्हांला ते कळले ते रेयुनियोंच्याच एका पाहुण्यामुळे. हे गृहस्थ त्या नातेवाइकांचे मित्र, तमिळ मजुरांच्या वंशातले. तिकडे अशा लोकांना मलबार म्हणतात. त्यांचे देव टिकले आहेत, कावडी निघते, निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत होते. भाषा मात्र घरातून गेली. शाळा फ्रेंच, कागदपत्रे फ्रेंच, मुलांना नावेही ख्रिस्ती संतांची. हे गृहस्थ आमच्याकडे आठ दिवस राहायला आले होते. एक दिवस मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आमच्या वर्गात येऊन बसले. त्या वेळी सात मुले होती. मुलांनी वाचून दाखवले, एकाने फळ्यावर आपले नाव देवनागरीत लिहिले. तास संपला तेव्हा त्यांनी आम्हांला हळूच विचारले, "याचा पगार तुम्हांला कोण देतं? देवळाची मंडळी?" सरकार देते, आम्ही म्हणालो. "आणि पुस्तकं?" ती इथेच मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत तयार होतात, शिक्षकही तिथे शिकतात, ती संस्था १९७० सालापासूनची. त्यांचा विश्वास बसेना. सात मुलांसाठी सरकार एक शिक्षक ठेवते? मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. त्यांच्या आज्याचे नाव कसे लिहायचे ते त्यांना ठाऊक नव्हते, कारण ते ज्या लिपीत लिहिले जायचे ती लिपी घरात कोणाला येत नव्हती.

त्यांची दया यावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ते आमच्यापेक्षा सुखवस्तू आहेत आणि आपल्या बेटावर त्यांचे उत्तम चालले आहे. लिहितो एवढ्याचसाठी की ज्या खोलीला आम्ही दहा वर्षे 'उरलेली खोली' म्हणत होतो, ती खोली त्यांनी आमच्या आधी पाहिली.

पाहण्याची ही कला आमच्या आजीला येत होती. १९६० सालच्या जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल, अशी दोन चक्रीवादळे दीड महिन्याच्या आत या बेटावरून गेली. ही गोष्ट आमच्या पिढीने ऐकलेलीच आहे. आजीचे घर कोठीच्या वसाहतीतले, गवताचे छप्पर आणि वर बांधलेला पत्रा. कॅरोलच्या रात्री पत्रा गेला, मग गवत गेले, मग भिंत. आजीने तीन पोरे पलंगाखाली घातली आणि पलंगावर आपण पालथी पडली. वादळाचा डोळा आला तेव्हा सगळे शांत झाले. तेवढ्या वेळात ती पोरांना घेऊन साखर कारखान्याच्या दगडी इमारतीकडे पळाली. सकाळी परत आली तेव्हा घराच्या जागी चूल तेवढी राहिली होती. कॅरोलनंतर सबंध बेटाने सिमेंटचा ध्यास घेतला. आमच्या आजोबांनीही घेतला. पहिली खोली पुरी व्हायला चार वर्षे लागली. स्लॅब पडला त्या दिवशी आजीने चारही भिंतींना तळहात लावून पाहिले होते म्हणे. ती जिवंत असेपर्यंत वादळाची सूचना रेडिओवर आली की ती उठून भिंतीला हात लावायची. पुढच्या वादळांनी आमची केळी झोपवली, कोंबड्यांचे खुराडे उडवले, पण ती खोली जागची हलली नाही.

आता याच घराची पुढची गोष्ट ऐका. आपल्याकडे स्लॅब घालताना वर लोखंडी सळया मोकळ्या सोडतात, पुढे मुलगा दुसरा मजला चढवील म्हणून. आमच्या वडिलांनी सळया सोडल्या. शेजाऱ्यांनीही सोडल्या होत्या. शेजाऱ्यांचा मोठा मुलगा नर्स होऊन इंग्लंडला गेला, आणि त्यांच्या सळयांवर मजला चढला, मजल्यावर रंगीत जाळीची बाल्कनी आली. आमच्या सळया गंजत राहिल्या. आई अंगणात कपडे वाळत घालताना वर बघायची, एकदा आमच्या छपराकडे, एकदा त्यांच्या. घरात पाहुणे आले की ती स्वतःहून सांगायची, "वरचं काम राहिलंय अजून." कोणी विचारलेले नसायचे. एका संध्याकाळी तिने हेच वाक्य म्हटले तेव्हा कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली आजी म्हणाली, "खालचं झालंय की." एवढेच बोलली आणि शेंगा सोलत राहिली. आम्ही तेव्हा दहाबारा वर्षांचे असू. आईला त्या बोलण्याचा राग आला होता हे आठवते. आम्हांलाही आजीचे बोलणे मागासलेले वाटले. आज त्याच खालच्या खोलीत बसून हे लिहीत आहोत.

इथे कोणी म्हणेल की गुरुजी, हे बरे आहे, गरिबाने गप्प बसावे म्हणून असलाच उपदेश मळेवाल्यांनीही केला असता. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तुकोबांच्या अभंगातल्या समाधानाच्या ओळी आळशी माणसाने आणि धूर्त मालकाने कशा वापरल्या, हे आपण पाहिलेले आहे. परंतु हेवा आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९४३ साली बेल व्ह्यू आरेल इथे मजूर संपावर उभे राहिले आणि गोळीबारात अंजले कुपेन ही गर्भवती मजूर स्त्री इतरांसोबत मारली गेली. ती माणसे मालकाच्या बंगल्यावर जळत नव्हती. आपल्या घामाचे मोल त्यांना ठाऊक होते आणि ते ती मागत होती. ज्याला आपल्याजवळ काय आहे त्याची किंमत कळते, तोच नीट मागू शकतो, असा आमचा तरी अनुभव आहे. आमची पुस्तके एका वर्षी सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी आली नाहीत. हिंदीची वेळेवर आली. त्याबद्दल संबंधित कार्यालयाला आम्ही तीन पत्रे लिहिली, चौथ्यांदा जाऊन बसलो, आणि पुस्तके घेऊनच उठलो. पण 'त्यांना आधी का' असे पत्रात लिहिले नव्हते, 'आमच्या मुलांना हवीत' असे लिहिले होते. आमच्या एका मित्राने मसुदा वाचून 'त्यांना आधी का' हे घालायचा आग्रह धरला होता. घातले असते तर भांडण झाले असते आणि पुस्तके बहुधा सप्टेंबरात आली असती.

आपले तरुण कॅनडाला जातात, जहाजांवर जातात, त्याबद्दलही लोक आम्हांला मत विचारतात. जावे की. पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांचेच आम्ही वंशज, आम्ही कोणत्या तोंडाने नको म्हणू? एवढेच लक्षात असावे की ज्या पहाटे आमचा मुलगा तिकडच्या नोकरीचे फॉर्म भरीत असतो, त्याच पहाटे कोपऱ्यावरच्या बेकरीत बांगलादेशचा एक मुलगा त्याच्यासाठी पाव भाजत असतो, आणि तो इथवर येण्यासाठी कर्ज काढून आलेला असतो. त्याच्या गावी त्याच्या शेजाऱ्यांना त्याचा हेवा वाटत असेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही प्रशिक्षणाच्या निमित्ताने महाराष्ट्रात होतो, तेव्हा रत्नागिरीकडच्या एका गावात जाऊन आलो. आमचे पूर्वज याच पट्ट्यातून मुंबईला आणि तिथून बोटीने इकडे आले, एवढेच आमच्या घरात ठाऊक आहे. गाव कोणते ते कागदांत कुठे सापडले नाही. तरी लाल माती पाहिल्यावर पाय जरा जड झाले. गावात निम्म्या घरांना कुलुपे. माणसे मुंबईला, गणपतीला तेवढी येतात. एका ओटीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आमची चौकशी केली आणि मग जो प्रश्न विचारला त्याची आम्हांला कल्पना नव्हती. "तुमच्याकडे गणपतीला रजा मिळते का हो? आमच्या पोराला यंदा दोनच दिवस दिलीन." आम्ही सांगितले की आमच्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. सगळ्यांना, हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, चिनी, सगळ्यांना. बँका बंद, शाळा बंद. आणि समुद्र कोणत्याही गावाहून फार तर तासाभरावर. "आणि तुम्ही तिथं किती माणसं?" त्यांनी विचारले. मूठभर, आम्ही म्हणालो. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. "मग बरं चाललंय तुमचं," ते म्हणाले आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितले.

ते वाक्य विमानात आमच्याबरोबर परत आले. १८९६ साली आँरिएतात पहिला गणपती बसला असे आपल्याकडे सांगतात. ज्यांनी तो बसवला त्यांना सुट्टी नव्हती, मूर्ती विकत मिळत नव्हती, आरती छापलेली नव्हती. शेतातून येऊन हातपाय धुऊन ते झाकरीला उभे राहत असणार. सुट्टी आमच्या वाट्याला तयार आली. तयार आलेली वस्तू नजरेत भरत नाही, ही माणसाची खोडच आहे. यंदा विसर्जनाला बसमध्ये बसल्यावर आमच्या मंडळींची चर्चा काय चालते तर महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे जाणाऱ्यांसाठी रस्ता कसा रुंद केला आणि आपल्याला मात्र किनाऱ्यावर दोनच तंबू. मूर्ती मांडीवर घेऊन बसलेला मुलगा हे सगळे ऐकत असतो.

आता त्या बाईंकडे वळू.

आम्ही त्यांना हिंदीची निंदा ऐकवली नाही. हिंदी चांगली भाषा आहे, भिंतीपलीकडचे शिक्षक उत्तम आहेत, आणि मुलगा तिकडे गेला तर त्याचे वाईट होणार नाही, हे आधी सांगितले. मराठी ही पूर्वजांची ठेव आहे वगैरे भाषणही केले नाही. ते भाषण आम्ही सभांतून करतो, आणि ऐकणाऱ्यांची मुले मोबाइलवर खेळत असतात. आम्ही फक्त म्हणालो, उद्या सकाळी कामाला जाण्याआधी पंधरा मिनिटे आमच्या वर्गात येऊन बसा. अर्ज तोवर आमच्याकडे राहू द्या.

बाई आल्या. मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. आमच्या वर्गात रोज जे होते तेच त्या दिवशी झाले. सहा मुलांचा वर्ग असल्याने प्रत्येक मूल रोज मोठ्याने वाचते. तीस मुलांच्या वर्गात हे आठवड्यातून एकदा झाले तरी पुष्कळ, तिथल्या स्नेह्यांनीच आम्हांला हे अनेकदा बोलून दाखवले आहे. खरे तर आमच्या खोलीचा हेवा त्यांनाही आहे, हे आम्हांला वर्षानुवर्षे कळले नव्हते! ते म्हणतात, तुला प्रत्येक पोराचा आवाज ठाऊक आहे, मला मागच्या रांगेची नावेसुद्धा चुकतात. कोणाला 'ष' जमत नाही, कोण चष्म्याशिवाय बसते, कोणाच्या घरी रात्री भांडण झाले, हे सहा वह्या तपासताना आपोआप समजते. त्या बाईंचा मुलगा वाचताना डाव्या हाताचे बोट ओळीखाली सरकवतो. घरी क्रेओलच बोलली जाते, त्यामुळे 'ळ' त्याच्या जिभेवर चढत नाही, 'केळे'चे 'केले' होते आणि 'बाळ'चे 'बाल'. हे अक्षर शेजारच्या हिंदीच्या वर्गात नाही. आम्ही त्याला जीभ मागे वळवून दाखवतो, तो आमच्या तोंडाकडे टक लावून बघतो, आणि सगळा वर्ग आपापली जीभ वळवून बघतो. त्या दिवशीही असेच झाले. पलीकडे तीस मुलांनी कविता सुरू केली, खडूची डबी थरथरली, आणि आमची सहा मुले जिभा वळवीत राहिली, भिंतीकडे कोणी पाहिले नाही.

पंधरा मिनिटांनंतर बाई उठल्या. दाराशी येऊन त्यांनी आम्हांला एकच विचारले, "तो रोज इतका वाचतो?" आम्ही हो म्हणालो. त्या छत्री घेऊन बससाठी निघून गेल्या. अर्जाबद्दल काही बोलल्या नाहीत, आम्हीही काढले नाही.

अर्ज अजून आमच्या खणात आहे, सहीसकट. तिसऱ्या सत्राचा पहिला दिवस उजाडला तेव्हा आम्ही हजेरीपट उघडण्याआधी बाकांकडे पाहिले. पाच मुले होती. घंटा होऊन गेली आणि मग दारातून सहावा आत आला, केस ओले, बुटांना चिखल. बस चुकली होती. जागेवर बसता बसता त्याने पुस्तक उघडले, बोट ओळीखाली ठेवले आणि आम्ही सांगायच्या आधीच वाचायला लागला. पहिल्याच ओळीत 'आभाळ' हा शब्द होता. तिथे तो थांबला, जीभ मागे नेली, आणि आमच्याकडे पाहिले.